बालगृहातल्या मुलाचे कॉलेज : फी भरण्याआधी काय जमवावे लागते

मुंबईच्या उपनगरात मुलग्यांचे ख्रिस्ती बालगृह चालवणाऱ्या एका नव्या अधीक्षकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे नववी ते बारावीतली सहा मुले आहेत आणि एक देणगीदार कुटुंब सगळ्यांची कॉलेजची फी द्यायला तयार आहे. एका मुलाला येत्या नोव्हेंबरात अठरा पूर्ण होतात, पण तो आत्ता कुठे अकरावी संपवतो आहे, म्हणजे तेव्हा बारावीत असेल. सुरुवात कुठून करायची, असे त्यांनी विचारले आहे.

फीपासून करू नका. फी देणारे कुटुंब मिळाले म्हणजे त्यातल्या त्यात सोपा भाग आधीच झाला. बालगृहातला मुलगा कॉलेज सोडतो तेव्हा कारण बहुधा दुसरेच असते. अठरानंतर राहायचे कुठे हे ठरलेले नसते. दाखल्यावरचे नाव आधारशी जुळत नाही म्हणून शिष्यवृत्ती लटकते. किंवा पहिल्याच सहामाहीत दोन विषय उडतात आणि तो ते कुणाला सांगत नाही. तिन्ही गोष्टींची चाहूल आधी लागते, म्हणून तुमचा पहिला वेळ त्यांना द्या.

आधी वयाचा हिशेब. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अठरा पूर्ण झाले की मुलाचा बालगृहातला मुक्काम संपतो. आपल्याकडची मुले शाळेत एक-दोन वर्षे मागे असतात, कारण संस्थेत येण्याआधी कुणाची शाळा सुटलेली असते, कुणाला भाषा बदलून पुन्हा खालच्या वर्गात बसवलेले असते. त्यामुळे अठरावा वाढदिवस नेमका अकरावी-बारावीच्या मधे येतो. याच कायद्याच्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलाला आर्थिक मदतीची तरतूद आहे आणि २०१६ च्या आदर्श नियमांतल्या २५ व्या नियमात अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरची देखभाल, २१ वर्षांपर्यंत सांगितली आहे. अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे, म्हणजे २३ पर्यंत.

आता तुमच्या नोव्हेंबरवाल्या मुलाचे गणित मांडा. बारावी होईल तेव्हा तो साडेअठराच्या आसपास असेल. तीन वर्षांची पदवी घेतली तर साडेएकवीस, चार वर्षांचे इंजिनिअरिंग घेतले तर साडेबावीस, तेही एकही वर्ष वाया गेले नाही तर. म्हणजे शेवटचे वर्ष सरकारी मदतीच्या काठावर किंवा काठाबाहेर जाते. हे शेवटचे वर्ष कोण उचलणार ते पहिल्या वर्षाची फी भरण्याआधी कागदावर लिहून ठेवा.

अनुरक्षणाची मागणी वाढदिवसानंतर करायची नसते. वाढदिवसाच्या किमान तीन-चार महिने आधी मुलाचा वैयक्तिक संगोपन आराखडा, म्हणजे नमुना ७, नव्याने भरा. त्यात कोणता कोर्स, कुठे राहणार, महिन्याचा खर्च किती हे स्पष्ट लिहा आणि परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) अहवालासह बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, ठेवा. प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला. अठरा उलटले की समितीच्या दृष्टीने तो प्रौढ होतो, त्याची फाइल बंद होते, आणि बंद फाइल उघडायला जे महिने जातात तेवढ्यात प्रवेशाचे वेळापत्रक संपलेले असते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखाली अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपये धरलेले आहेत. ही रक्कम मुलाच्या स्वतःच्या खात्यात यावी अशी व्यवस्था आधीच लावा. आणि हप्ते उशिरा येतील असे गृहीत धरून चाला. घरभाडे या पैशावर कधीही टांगू नका.

आता कागद. सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

पहिली गोष्ट नाव. एकाच मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते नाव आणि वडिलांचे नाव, आधारवर संस्थेने लावलेले आडनाव, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरेच नाव, असे सर्रास दिसते. शाळेत असेपर्यंत कुणाचे बिघडत नाही. पण विद्यापीठाची नोंदणी, अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक), सीईटीचा अर्ज, महाडीबीटी (राज्याचे शिष्यवृत्तीचे पोर्टल) आणि बँक ही सगळी दारे आधारच्या नावाने उघडतात आणि दहावीच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहतात. दहावीचे प्रमाणपत्र हातात आल्यावर त्यातले नाव बदलणे हा मनस्ताप आहे. त्याआधी शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण निरीक्षकांच्या मंजुरीने दुरुस्त होऊ शकते. म्हणून हे काम नववीतच करा. बोर्डाचे फॉर्म भरायला सुरुवात झाली की शाळेत तुमचे ऐकून घ्यायला कुणाला फुरसत नसते. आधी रजिस्टर, मग त्याप्रमाणे आधार, हा क्रम ठेवा. उलट केलेत तर आधार दोनदा बदलावे लागेल, आणि आधारमध्ये नावाची दुरुस्ती किती वेळा करता येते यालाही मर्यादा आहे.

दुसरी गोष्ट जन्मतारीख. जन्मदाखला नसेल तर घाबरायचे कारण नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे समिती आधी शाळेचा किंवा बोर्डाचा पुरावा पाहते, मग महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. समितीने आदेशात नोंदवलेले वय त्या कायद्यापुरते खरे मानले जाते. या आदेशाची प्रमाणित प्रत काढून ठेवा, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर भागवू नका. डोंगरी किंवा मानखुर्दच्या बालगृहातून बदलून आलेल्या मुलांच्या बाबतीत पहिल्या संस्थेतल्या प्रवेशाचा आदेशही मागवा. मुलगा नेमका कधीपासून महाराष्ट्रात आहे हे त्यावरूनच सिद्ध होते आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो.

तिसरी गोष्ट बँक खाते. अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, मुलाचे खाते अधीक्षकाच्या नावाने चालवलेले असते. अठरानंतर नवे केवायसी झाले नाही की ते गोठते. त्याहून फसवा प्रकार असा: शाळेच्या वेळी कुठल्याशा योजनेसाठी दुसऱ्याच बँकेत खाते काढलेले असते आणि आधार त्याला जोडलेले असते. महाडीबीटीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार ज्या खात्याला शेवटचे जोडले गेले त्यात जातात. मुलगा सहा महिने ‘पैसे आले नाहीत’ म्हणत राहतो आणि पैसे त्या विसरलेल्या खात्यात पडून असतात. अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती बघा. दोन मिनिटांचे काम आहे. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा स्वतःचा हवा. तो आधीच्या अधीक्षकांचा असेल आणि ते बदलून दुसऱ्या धर्मप्रांतात गेले असतील, तर प्रत्येक ओटीपीसाठी फोन करत बसावे लागते.

आता अनाथ प्रमाणपत्र. सगळ्यात जास्त गैरसमज याच्याभोवती आहेत. संस्थेत राहतो म्हणजे अनाथ, असे होत नाही. तुमच्या सहा मुलांपैकी काहींची आई हयात असण्याची, ती कुठेतरी घरकाम करत असण्याची शक्यता बरीच आहे. अशा मुलाला हे प्रमाणपत्र मिळणार नाही. त्याने आईची कागदपत्रे, आईचा उत्पन्नाचा दाखला आणि जात असेल तर जातीचा दाखला, याच वाटेने जायचे. त्याच्यासाठी अनाथ म्हणून अर्ज केला आणि पडताळणीत आई निघाली, तर प्रवेश जातोच, शिवाय संस्थेच्या बाकीच्या मुलांच्या अर्जांकडेही संशयाने पाहिले जाते.

ज्यांचे आई-वडील खरोखर नाहीत त्यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण आहे. ६ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने त्यात ‘संस्थात्मक’ आणि ‘संस्थाबाह्य’ असे दोन गट केले. तुमची मुले पहिल्या गटातली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे, बालकल्याण समितीच्या शिफारशीसह. प्रमाणपत्र देतात महिला व बालविकासचे विभागीय उपायुक्त, मुंबईसाठी कोकण विभागाचे. आई-वडिलांचे मृत्यूदाखले असतील तर काम लवकर होते. मुलगा सापडलेला असेल तर समितीचे आदेश, पोलिसांकडची नोंद आणि पालकांच्या शोधाचे कागद हाच पुरावा. हेही अठराच्या आत मार्गी लावा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्या संस्थांना हे प्रमाणपत्र अनेकदा प्रवेशफेऱ्या संपल्यावर मिळते, आणि मग ते फ्रेम करून लावण्यापलीकडे त्या वर्षी काही कामाचे राहत नाही.

याच प्रमाणपत्राचा आणखी एक उपयोग आहे, जो बऱ्याच बालगृहांच्या लक्षातच आलेला नाही. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय ‘मुलींना मोफत उच्च शिक्षण’ म्हणून गाजला, त्यामुळे मुलग्यांच्या संस्थांनी तो उघडूनही पाहिला नाही. त्याच निर्णयात संस्थात्मक आणि संस्थाबाह्य गटांतल्या अनाथ मुलगे आणि मुली दोघांनाही व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ दिला आहे. म्हणजे तुमच्या देणगीदाराने द्यायच्या फीपैकी मोठा भाग मुळात द्यावाच लागणार नाही. विकास शुल्क, अनामत, पुस्तके, राहणे-खाणे हे मात्र त्यात येत नाही. देणगीदाराला ही वस्तुस्थिती सांगा आणि त्याचा पैसा भाड्याकडे आणि जेवणाकडे वळवा. काही जणांना ‘फी भरली’ म्हणण्यात जे समाधान असते ते ‘भाडे भरले’ म्हणण्यात नसते. त्यांना समजावणे हाही तुमच्या कामाचा भाग.

अट एक, आणि ती आपल्या लोकांना नेमकी नडते: प्रवेश केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राऊंडमधून झालेला हवा. ख्रिस्ती संस्थांची एक प्रेमळ सवय असते. मुलाला कमी गुण पडले की फादर किंवा पाळकसाहेब ओळखीच्या कॉलेजच्या प्राचार्यांना फोन करतात आणि संस्थेच्या कोट्यातून जागा मिळवून देतात. तो फोन चार वर्षांच्या शुल्कमाफीवर पाणी सोडतो, कारण व्यवस्थापन कोट्यातला किंवा संस्थास्तरावरचा प्रवेश या योजनेत बसत नाही. कॅपमध्ये दुसऱ्या पसंतीचे कॉलेज मिळाले तरी तेच घ्या.

अल्पसंख्याक कोट्याची गोष्ट वेगळी. माहीमचे झेवियर, कुर्ल्याचे डॉन बॉस्को, वांद्र्याचे फादर आग्नेल, बोरिवलीचे सेंट फ्रान्सिस ही ख्रिस्ती अल्पसंख्याक इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत आणि त्यांच्या अल्पसंख्याक जागाही कॅपमधून भरतात. पण त्यासाठी मुलगा कागदोपत्री ख्रिस्ती असायला हवा. ख्रिस्ती बालगृहात वाढला, रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला बसला, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झाला म्हणून तो ख्रिस्ती ठरत नाही. शाळेच्या दाखल्यावरचा धर्म किंवा बाप्तिस्म्याची नोंद पाहिली जाते. फॉर्म भरायच्या महिन्यात घाईने बाप्तिस्मा देऊन दाखला मिळवण्याचा मोह कुणालाही, कितीही चांगल्या हेतूने झाला तरी आवरा. मुलाचा धर्म ठरवण्याचा अधिकार संस्थेला नाही, आणि त्याचा फटका मुलालाच बसू शकतो. मुलगा अनुसूचित जातीचा असल्याचा पुरावा असेल, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा फक्त हिंदू, शीख आणि बौद्धांना आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो जातो आणि महाराष्ट्रात अशी व्यक्ती इतर मागासवर्गात मोजली जाते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून पालघर-डहाणूकडच्या आदिवासी मुलांच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. सज्ञान झाल्यावर मुलाने स्वतःच्या मनाने काय करायचे ते करावे.

शिष्यवृत्तींत अनाथांसाठी नाव घेण्याजोगी आणखी एक आहे, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, स्वनाथ. मान्यताप्राप्त संस्थेतल्या पदवी किंवा पदविकेच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५०,००० रुपये, पदवीला जास्तीत जास्त चार वर्षे, पदविकेला तीन. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. मेख अशी की सोबत दुसरी शिष्यवृत्ती चालत नाही. मग बेरीज-वजाबाकी करा. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण शुल्कच लाखाच्या वर असेल तर राज्याची १०० टक्के माफी फायद्याची. वांद्र्याच्या सरकारी तंत्रनिकेतनासारख्या ठिकाणी मुळात फीच थोडी, तिथे स्वनाथचे ५०,००० घेतले तर राहण्या-खाण्याला उपयोगी पडतात. दोन्हीकडे अर्ज टाकून ‘जे मिळेल ते’ म्हणू नका. दोन्ही मंजूर झाले तर एक परत करावे लागते आणि तोवर ते खर्च झालेले असते.

शैक्षणिक कर्ज मी यादीत शेवटी ठेवतो. बँक सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील मागते, आणि इथेच गाडी अडते. २०२४ च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत जामीनदार लागत नाही, पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती आहे. विश्वस्तांपैकी कुणी भावनेच्या भरात सहकर्जदार म्हणून सही करणार असेल तर आधी ट्रस्टच्या बैठकीत ठराव होऊ द्या.

कोर्स कोणता, हा प्रश्न मी मुद्दाम कागदांनंतर घेतला, कारण कागद काय आहेत त्यावर पर्याय ठरतात. अनाथ आरक्षणाच्या जागांवर कधी कधी फार थोडे अर्ज असतात, त्यामुळे बेताचे गुण असलेल्या मुलालाही चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळून जाते. सगळे पेढे वाटतात. मग पहिल्या सहामाहीनंतर एम-वन, म्हणजे पहिल्या सहामाहीचे गणित, आणि मेकॅनिक्सचा निकाल लागतो. आरक्षण दारातून आत नेते, पण अकरावी-बारावीचे कच्चे राहिलेले गणित तसेच बरोबर जाते. अशा मुलाला प्रवेश घेऊ द्यायचाच असेल तर जून-जुलैत सहा ते आठ आठवडे रोज दोन तास फक्त गणित: त्रिकोणमिती, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, कॉम्प्लेक्स नंबर. शिकवणीचे पैसे दुसऱ्या सहामाहीसाठी राखून ठेवू नका, तोवर केट्या, म्हणजे राहिलेले विषय, साठलेल्या असतात. नापास होऊन तेच वर्ष पुन्हा करायची वेळ आली तर बहुतेक योजना त्या वर्षाचे पैसे देत नाहीत, म्हणजे गणिताच्या दोन पेपरांची किंमत पूर्ण वर्षाची फी अधिक बारा महिन्यांचे भाडे एवढी पडते.

माझा कल दहावीनंतर पदविकेकडे असतो. तीन वर्षांनी हातात नोकरीला चालणारा कागद येतो, आणि अभ्यासात गती दिसली तर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येते. मधे थांबून कमावता येते, हे या मुलांच्या बाबतीत फार मोलाचे. सावधगिरी एकच: थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्याने एम-वन, एम-टू केलेले नसते आणि समोर एम-थ्री येते, तेव्हा ती सुट्टी गणितालाच द्यावी लागते. हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलासाठी आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन आणि मग माझगाव डॉक किंवा रेल्वेची शिकाऊ उमेदवारी हा रस्ता कमी प्रतीचा नाही. शिकाऊ काळात विद्यावेतनही मिळते. नर्सिंगचा विचार मुलगे सहसा करत नाहीत, करायला लावा. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, तीन वर्षांची, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, बऱ्याच ठिकाणी वसतिगृह जोडलेले, आणि कोर्स संपल्यावर नोकरीसाठी फार थांबावे लागत नाही. बीकॉम वाईट नाही. पण ‘सगळे करतात म्हणून बीकॉम’ करणारा मुलगा तिसऱ्या वर्षापर्यंत डिलिव्हरीच्या बाइकवर दिसू लागतो. रोज रात्री हातात काही शे रुपये पडतात आणि सकाळचे लेक्चर सुटते.

आता घरातली अडचण, जी तुमच्या हातात आहे. बालगृहाचे वेळापत्रक शाळकरी मुलांचे असते: पाचला चहा, सातला प्रार्थना, आठला जेवण, मग फाटक बंद. विद्याविहारच्या कॉलेजातले प्रॅक्टिकल साडेपाचला संपते. ठाणा लोकल, मग बस, म्हणजे मुलगा आठ वाजता दारात उभा. आठवड्यातून चार वेळा ‘उशीर का झाला’ हे ऐकून तो प्रॅक्टिकल अर्ध्यात सोडून यायला लागतो. जर्नल अपुरे राहते, सबमिशन अडते, परीक्षेला बसू देत नाहीत. या साखळीची सुरुवात फाटकापाशी झाली होती, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. कॉलेजच्या मुलांसाठी ताट झाकून ठेवणे, रात्री अकरापर्यंत दिवा चालू राहील अशी एक खोली आणि परीक्षेच्या महिन्यात भांडी-झाडूच्या पाळीतून सूट, एवढे पहिल्या दिवसापासून करा.

अठरानंतर त्याला लहान मुलांच्या हॉलमध्ये झोपवता येत नाही आणि झोपवूही नये. आदर्श नियमांत सहा ते आठ तरुणांच्या तात्पुरत्या सामूहिक निवासाची कल्पना आहे. मुंबईत ते व्यवहारात चार जणांचे वन-बीएचके होते. नालासोपारा-विरार किंवा बदलापूरकडे असे घर साधारण १०,००० ते १२,००० रुपयांत मिळते, अनामत वेगळी. म्हणजे माणशी भाड्याचे ३,००० पर्यंत पडतात. हाताने स्वयंपाक केला तर जेवण ३,५०० ते ४,०००, वीज-गॅस ४००, मोबाइल ३००, झेरॉक्स-जर्नल-प्रिंट ५००, साबण-केस कापणे-चप्पल असे किरकोळ ५००. लोकलचा विद्यार्थी सवलतीचा पास या हिशेबात किरकोळच. महिन्याला सुमारे साडेआठ हजार, म्हणजे अनुरक्षणाच्या ४,००० मध्ये निम्मेही भागत नाही. उरलेले देणगीदाराकडून हवे ते हेच.

भाडेकरार नोंदणीकृत करा आणि त्यात ट्रस्टबरोबर मुलांचीही नावे घाला. फक्त ट्रस्टचे नाव असेल तर मुलांना आधारवरचा पत्ता बदलता येत नाही, आणि बालगृहाच्या जुन्या पत्त्यावर त्यांची बँकेची पत्रे येत राहतात. पोलिस ठाण्यातली भाडेकरू नोंद विसरू नका. घरमालक ‘बॅचलर’ म्हणून कुरकुरतो, तेव्हा संस्थेतली एक वडीलधारी व्यक्ती दर पंधरवड्याला घरी येईल हे त्याला सांगा, आणि ती खरोखर जाऊ द्या.

पैसे हाताळायची सवय या मुलांना नसते. बालगृहात साबणसुद्धा हातात दिलेला असतो. पहिल्या महिन्याचे सगळे पैसे एकदम दिले तर दहा तारखेला बूट दिसतात आणि वीस तारखेला उसनवारी. पहिले तीन महिने दर सोमवारी, पुढचे तीन पंधरवड्याने, मग महिन्याचे असे द्या. हप्त्यावर फोन आणि झटपट कर्जाची ॲपे यांबद्दल आधीच, नाव घेऊन बोला. वसुलीवाले संपर्कयादीतल्या सगळ्यांना फोन करतात आणि मुलगा लाजेने कॉलेजच सोडतो.

मुलगा कॉलेजच्या हॉस्टेलवर असेल तर दिवाळीच्या सुट्टीत ते रिकामे होते. सगळे गावाला जातात, हा कॅन्टीन बंद असलेल्या इमारतीत एकटा. नाताळला तो तुमच्याकडे येतोच, दिवाळी आणि मे महिना कुणाच्या लक्षात राहत नाही. लहान मुलांच्या हॉलपासून वेगळी, दोन खाटांची एक खोली माजी मुलांसाठी वर्षभर मोकळी ठेवा.

देणगीदाराबद्दल दोन गोष्टी. एक मुलगा-एक दाता अशी जोडी लावू नका. त्या दात्याचा व्यवसाय बुडाला की एका मुलाचे दुसरे वर्ष अडते. सगळे पैसे एका शिक्षणनिधीत घ्या आणि प्रत्येक मुलाच्या दोन सहामाहींचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय त्याला पाठवू नका. परदेशी देणगी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालच्या, नोंदणीची मुदत किती उरली ते बघा. ती पाच वर्षांची असते, पदवी तीन-चार वर्षांची, आणि नूतनीकरण मधेच अडकले तर पैसा असून वापरता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही, म्हणजे भगिनीसंस्थेकडून तात्पुरते घेऊ हा मार्ग बंद. आणि अठराखालच्या मुलांचे नाव-फोटो वार्ताहरपत्रात छापू नका. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ त्याला मनाई करते. मोठा झालेला मुलगा ‘हो’ म्हणाला तरी त्याला विचारताना त्याची फी तुमच्या हातात आहे, हे विसरू नका.

आता तुमचा नोव्हेंबरवाला. या आठवड्यात त्याच्या समितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत, दहावीची गुणपत्रिका आणि आधार एका टेबलावर ठेवून तिन्हींवरची नावे अक्षर-अक्षर जुळवा. आई-वडिलांपैकी कुणी आहे का ते फाइलमधून आणि त्याच्याशी बोलून पक्के करा. नसेल तर अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज पुढच्या आठवड्यात गेला पाहिजे. अनुरक्षणाची मागणी समितीच्या गणपतीआधीच्या बैठकीत, नव्या नमुना ७ सह. बँकेचे नवे केवायसी वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, त्यासाठी त्याला कॉलेजातून सुट्टी काढायला लावा. बारावीची परीक्षा होईपर्यंत राहण्याची जागा बदलायची वेळ येऊ नये असे समितीला लेखी कळवा, आणि तरी बदलावी लागलीच तर कॉलेजला चालत जाता येईल अशीच जागा बघा. कोर्स कोणता घ्यायचा हे तुम्ही सुचवू नका. त्याला एक दिवस आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, एक दिवस तंत्रनिकेतनात आणि एक दिवस एखाद्या हॉस्पिटलच्या वॉर्डात, तिथे शिकणाऱ्या तुमच्याच एखाद्या जुन्या मुलाबरोबर फिरवून आणा आणि परत आल्यावर त्याला काय दिसले ते विचारा.